ऑपरेशन ठरलंय आणि वजनाचं इंजेक्शन चालू आहे: काय करायचं?

दुपारचा दीड वाजला होता. शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि जेवायला घरी जायच्या तयारीत होतो, तेवढ्यात ओळखीच्या एक वहिनी घाईघाईनं आल्या. पर्समधून वजन कमी करायच्या इंजेक्शनच्या रिकाम्या पेनचं खोकं काढून काउंटरवर ठेवलं. "भाऊ, हेच द्या. आजचा डोस आहे. गुरुवारी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे, मग आठवडाभर बाहेर पडता येणार नाही."

"वहिनी, गुरुवारी ऑपरेशन आणि आज इंजेक्शन घेणार? हॉस्पिटलात सांगितलंय का हे चालू आहे म्हणून?"

"औषधं कुठली चालू आहेत म्हणून विचारलं ना. बीपीची गोळी सांगितली. हे कुठं औषध, हे तर वजनाचं."

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात गेली बावीस वर्षं फार्मसी चालवतोय. हे वाक्य आता महिन्यातून एकदा तरी कानावर येतं. शुगर, बीपी, थायरॉइड ही औषधं. वजनाचं मात्र औषध नव्हे, तो आपला खासगी मामला. कोणी नवऱ्याला सांगत नाही, कोणी सासूला, आणि मग त्याच सवयीनं भूल देणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाही. योगायोग असा की वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि या इंजेक्शनांच्या दुष्परिणामांतही पित्ताशयाचा त्रास आहेच. म्हणजे पेन टोचणारा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर पोचणं हे काही दुर्मीळ नाही.

हा लेख पहिल्यांदाच या फेऱ्यात सापडलेल्यांसाठी आहे. मी डॉक्टर नाही. पुढे जे दिवस आणि तास दिलेत ते तुम्ही योग्य वेळी योग्य प्रश्न विचारावेत म्हणून. औषध थांबवायचं की नाही, किती दिवस, हे तुम्हाला भूल देणारे डॉक्टर ठरवणार. वाचून परस्पर बंद करू नका, आणि परस्पर चालूही ठेवू नका.

आधी पोटाचं समजून घ्या

जागेपणी पाण्याचा थेंब चुकून श्वासनळीत गेला तर ठसका लागतो. पूर्ण भूल दिल्यावर ठसका लागत नाही. गिळणं, खोकणं, घसा आवळणं, सगळं झोपतं. त्या वेळी पोटात अन्न किंवा आम्ल असेल आणि ते वर आलं, तर सरळ फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं १९४६ साली बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांमध्ये हा प्रकार नोंदवला आणि आजही त्याचंच नाव त्या आजाराला आहे. ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात ते यासाठी. तो काही हॉस्पिटलचा हट्ट नाही.

आता उपाशी राहण्याचे तास ठरवलेत ते नेहमीच्या चालीनं रिकाम्या होणाऱ्या पोटासाठी. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड ही जी इंजेक्शनं आहेत (ओझेम्पिक, वेगोव्ही, मौंजारो, सॅक्सेंडा, व्हिक्टोझा, ट्रुलिसिटी, आणि गोळीतलं रायबेल्सस), ती भूक मारतात आणि पोटाची चालही मंद करतात. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, त्यात या मंद चालीचाही वाटा असतो. रात्री आठला खाल्लेलं सकाळी आठलाही पोटात सापडू शकतं. तुम्ही प्रामाणिकपणे बारा तास उपाशी असता, पण पोटाला ते ठाऊक नसतं.

आणि हे फक्त "मोठ्या" ऑपरेशनपुरतं नाही. एंडोस्कोपीला, कोलोनोस्कोपीला झोपेचं इंजेक्शन देतात तिथंही हाच धोका. पाठीतून भूल देणार म्हणून निर्धास्त राहू नका. ती नीट चढली नाही किंवा मध्येच गरज पडली, तर पूर्ण भूल द्यावी लागते.

पहिलं काम: सगळं एका पिशवीत

ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच संध्याकाळी घरातली सगळी औषधं एका पिशवीत काढा. फ्रिजच्या दारातलं पेन, देवघराच्या खणातल्या पुड्या, जिमच्या बॅगेतला डबा, दुबईहून भावानं पाठवलेलं, लिस्बनच्या आत्यानं आणलेलं, जहाजावरून आलेलं. गोव्यात ही शेवटची तीन फार महत्त्वाची. इथल्या डॉक्टरनं लिहून दिलेलं नसतं, त्यामुळे इथल्या कुठल्याच फायलीत त्याची नोंद नसते. खोक्यावर पोर्तुगीज किंवा अरबी असेल तर खोकंच घेऊन जा. ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं, आतल्या घटकाचं नाव बदलत नाही. ते बारीक अक्षरात असतं, मोबाइलवर फोटो मोठा करून वाचा.

मग एक चिठ्ठी लिहा. वहिनींची चिठ्ठी मी काउंटरवरच लिहून दिली, ती अशी:

"सेमाग्लुटाइड, ०.५ मिलिग्राम, दर सोमवारी. दोन महिने झाले. चार आठवड्यांपूर्वी ०.२५ वरून ०.५ केला. शेवटचं इंजेक्शन गेल्या सोमवारी सकाळी ९. कशासाठी: वजन, शुगर नाही. त्रास: जेवल्यावर पोट फुगतं, रात्री करपट ढेकर, तीन दिवसांतून एकदा शौचाला. टेल्मिसार्टन ४० सकाळी. ॲलर्जी नाही."

यात भूलतज्ज्ञांच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाच्या दोन ओळी म्हणजे डोस कधी वाढवला आणि पोटाला काय त्रास आहे. डोस वाढवत नेण्याच्या काळात पोट जास्त मंद असतं. मग शरीराला थोडी सवय होते. मळमळ, उलटी, पोट फुगणं, बद्धकोष्ठ चालू असेल तर पोट रिकामं होत नाहीये अशी शंका घ्यायला जागा असते. लोक हेच सांगायचं टाळतात. ढेकराचं काय सांगायचं डॉक्टरला, असं वाटतं. सांगा.

पिशवीत "औषध नसलेली" औषधंही हवीत. ग्रीन टीचा अर्क, ग्रीन कॉफीच्या कॅप्सूल, जिममध्ये मिळणारे फॅट बर्नर (बहुतेकांत भरपूर कॅफीन, काहींत कडू संत्र्याचा अर्क, ज्यानं नाडी आणि बीपी चढतं), गार्सिनियाच्या गोळ्या. गार्सिनिया म्हणजे आपल्या भिरंडाचाच, म्हणजे कोकमाचाच, भाऊबंद. म्हणून काही जण मला म्हणतात, सोलकढी रोज पितो, मग कॅप्सूलनं काय होणार? कॅप्सूलमध्ये अर्क एकवटलेला असतो, आणि डब्यात आणखी काय मिसळलंय याची खात्री कोणी देत नाही. सिब्युट्रामाइन या वजनाच्या गोळीवर भारतात २०११ साली बंदी आली, कारण तिनं हृदयावर ताण येत होता. तरीही जगभरच्या औषध नियंत्रकांना "शंभर टक्के वनस्पतिजन्य" म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत ती पुन्हा पुन्हा सापडली आहे. अशा पुड्या आणि कॅप्सूल सहसा दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्या नंतरही सुरू करू नका, पण तो या लेखाचा विषय नाही.

दुसरं काम: वेळेत विचारणं

आपल्याकडे "फिटनेस काढायला" जातात, म्हणजे रक्त, ईसीजी, एक्स-रे आणि भूलतज्ज्ञांची तपासणी. हे बरेचदा ऑपरेशनच्या एकदोन दिवस आधी होतं. या इंजेक्शनांच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असतो. तारीख ठरली की सर्जनच्या ओपीडीतच विचारा: "माझं हे चालू आहे, भूलतज्ज्ञांना आधी भेटू का?" बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जाणार असाल तर कागद नीट लावून न्या, तिथं गर्दीत प्रश्न विचारायला एकच मिनिट मिळतं. काणकोण किंवा वाळपईहून पहाटेची कदंबा बस पकडून पोचलेल्या माणसानं चिठ्ठी हातात घेऊन उभं राहावं. आठवून सांगायला गेलात तर निम्मं विसरतं. खासगी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बरेचदा बाहेरून येतात, तेव्हा नंबर मागून घ्या किंवा सर्जनच्या मदतनिसाकडून निरोप पोचवा आणि पोचला का ते विचारा.

आता तासांचा आणि दिवसांचा हिशेब. इथं लोकांचा गोंधळ होतो कारण सल्ला मध्ये बदलला. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं सरळ सांगितलं होतं: आठवड्याचं इंजेक्शन असेल तर ऑपरेशनआधी एक आठवडा थांबवा, रोजचं असेल तर त्या दिवशी घेऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्याच अनेक संघटनांनी मिळून नवा सल्ला दिला की बहुतेकांनी चालू ठेवलं तरी चालेल. ज्यांना धोका जास्त (डोस वाढवण्याचा काळ, मोठा डोस, पोटाचा त्रास, पोट मुळातच मंद करणारे आजार) त्यांच्याबाबत वेगळा विचार करावा, आदल्या दिवशी चोवीस तास द्रव आहार द्यावा, आणि शंका असेल तर पोटाची सोनोग्राफी करून बघावं. ब्रिटनच्या तज्ज्ञांनीही जानेवारी २०२५ मध्ये साधारण त्याच वाटेनं, चालू ठेवा पण माणूस बघून ठरवा, असं म्हटलं.

म्हणजे लंडनची चुलत बहीण म्हणेल "मला थांबवायला सांगितलंच नाही" आणि मडगावचे डॉक्टर म्हणतील "एक आठवडा बंद". दोघंही चूक नाहीत. भूल तुम्हाला मडगावात मिळणार आहे, तर मडगावचं ऐका.

"एक आठवडा आधी" याचा हिशेब करताना कॅलेंडर समोर घ्या. ऑपरेशन गुरुवारी आणि डोस सोमवारचा, तर त्या आठवड्यातला सोमवार सोडायचा. त्याआधीच्या सोमवारचा घेतलेला चालतो. पण एक डोस सोडला म्हणजे औषध अंगातून गेलं असं समजू नका. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो. पुढच्या आठवड्यात त्याचं निम्मं. पूर्ण निघून जायला महिनाभराहून जास्त. टिर्झेपटाइडला निम्मं व्हायला पाच दिवस, लिराग्लुटाइडला तेरा तास. रायबेल्ससची गोळी रोज घेतात म्हणून ती "हलकी" असेल असं वाटतं, पण आत तेच सेमाग्लुटाइड आहे. म्हणून डोस सोडलेला असला तरी चिठ्ठीतून ती ओळ खोडू नका. थांबवलेलं औषधही सांगायचं असतं.

शुगरवाल्यांनी इथं थांबून वाचा

हेच इंजेक्शन शुगरसाठी चालू असेल तर ते मनानं बंद करणं धोक्याचं आहे. शुगर चढली की जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग वाढतो, आणि चढलेल्या शुगरमुळे पोट आणखी मंद होतं. एक आठवड्याहून जास्त थांबायची वेळ आली तर मधल्या काळात काय घ्यायचं हे शुगरच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावणं हे आपल्याकडे पेशंटचंच काम होऊन बसलंय, त्याला इलाज नाही.

याहून मला काळजी वाटते ती एका साध्या गोळीची. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. लघवीतून साखर बाहेर काढतात, त्यामुळे वजनही थोडं उतरतं. स्वस्त झाल्यापासून घरोघरी आहेत, बरेचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत. तिला कोणी वजनाचं औषध म्हणत नाही, म्हणून ती प्रश्नांतून निसटते. या गोळीवर असलेला माणूस उपाशी राहिला, त्यात ऑपरेशनचा ताण आला, की रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मीटरवर शुगर जवळजवळ ठीक दिसते. त्यामुळे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. मळमळ, पोटात दुखणं, खोल आणि भराभर श्वास, विलक्षण थकवा, ही आम्ल साठल्याची लक्षणं, आणि ऑपरेशननंतर सगळ्यांनाच थोडाफार असा त्रास असतो. अमेरिकेचं औषध नियामक खातं २०२० पासून सांगतं की ही गोळी ठरलेल्या ऑपरेशनआधी किमान तीन दिवस थांबवावी, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस. ब्रिटनमध्ये आदला दिवस आणि तो दिवस सोडायला सांगतात. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर "ग्लिफ्लोझिन" हा शेवट दिसला की त्या नावाला पेननं गोल करा आणि विचारा.

यात भर म्हणजे कीटो. भात-पोळी पूर्ण बंद करून वजन उतरवणारे आणि ही गोळी घेणारे, दोन्ही एकाच अंगात असतील तर धोका दुप्पट समजा. ऑपरेशनआधीचे आठ दिवस "शेवटचे दोन किलो" उतरवण्याचे नव्हेत. नेहमीसारखं जेवा.

वजनाची बाकीची औषधं, थोडक्यात

ऑर्लिस्टॅट: जेवणातली चरबी पचू देत नाही. पोटाची चाल मंद करत नाही, आणि उपाशी असाल तर तशीही तिची गरज नसते. एकच गोष्ट बघा. ती जीवनसत्त्व के कमी शोषू देते, म्हणून वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्ताची तपासणी आधी व्हायला हवी.

फेंटरमिन: मी कधी काउंटरवर विकलेली नाही, पण अमेरिकेहून येणाऱ्यांच्या बॅगेत बघितली आहे. नाडी आणि बीपी चढवते, आणि भूल दिल्यावर बीपी वरखाली झालं तर सावरायला अवघड करते. काही दिवस आधी, काही भूलतज्ज्ञ दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात.

नाल्ट्रेक्सोन आणि बुप्रोपिऑनची एकत्र गोळी: हिच्यावर जरा थांबतो. नाल्ट्रेक्सोन शरीरातली तीच दारं अडवतं जिथून मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल काम करतात. म्हणजे ऑपरेशननंतर तीव्र वेदना असतील आणि नेहमीचं इंजेक्शन लागूच पडणार नाही. सहसा तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. दारू सोडवण्यासाठी म्हणून नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर लाजू नका, महिन्याचं इंजेक्शन असेल तर तर मुळीच नाही. त्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे टिकतो आणि वेदनेचा दुसरा बंदोबस्त आधी आखावा लागतो.

टोपिरामेट: काहींना वजनासाठी, काहींना फिटसाठी किंवा अर्धशिशीसाठी. फिटसाठी असेल तर एकदम थांबवणं म्हणजे फिटला आमंत्रण. भूलतज्ज्ञांना फक्त कळवा.

आणि एक उलटी चूक. "ऑपरेशनआधी औषधं बंद" एवढंच डोक्यात राहतं आणि माणूस सगळ्याच गोळ्या बंद करून येतो. हृदयाची, थायरॉइडची, फिटची गोळी सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. बीपीच्या गोळ्यांत काही घ्यायच्या, काही त्या दिवशी सोडायच्या. प्रत्येक गोळीपुढे "घ्यायची" किंवा "सोडायची" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आदला दिवस: पेज द्रव आहे का?

सगळ्यात जास्त प्रश्न इथंच येतात. सर्वसाधारण नियम असा: पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत, दूध आणि हलकं खाणं सहा तास, तळलेलं, तुपकट किंवा मांसाहारी जेवण आठ तास किंवा जास्त. तुमचं हॉस्पिटल "रात्री बारानंतर काहीच नाही" म्हणालं तर तेच पाळा. मंद पोटवाल्यांना हे तास पुरत नाहीत म्हणून आदला पूर्ण दिवस द्रव आहार सांगतात. त्या वेळी दोन शब्दांचा अर्थ विचारून घ्या: "पातळ" की "पारदर्शक"?

आपल्याकडे "पातळ खा" म्हटलं की आई उकड्या तांदळाची पेज करते, वर खाऱ्या लिंबाची फोड. पेज पातळ दिसते, पण तीत शीत आहे. पोटाच्या लेखी ते जेवणच. नाचण्याचं तिझान तसंच. सोलकढी तर नारळाच्या रसाची, म्हणजे चरबी. दुधाचा चहाही पारदर्शक द्रव नव्हे, तो दुधाच्या हिशेबात. पारदर्शक ओळखायची सोपी युक्ती: काचेचा ग्लास भरून वर्तमानपत्रावर ठेवा, पलीकडची अक्षरं वाचता आली पाहिजेत. साधं पाणी, काळा चहा, गाळलेलं लिंबूपाणी उत्तीर्ण. शहाळ्याचं पाणी गाळून घेतलं, मलईचा कण नसला, तर बहुतेक जागी चालतं. गाळलेलं कोकम सरबत अक्षरं दाखवतं, पण पोटाची किंवा आतड्याची दुर्बिणीची तपासणी असेल तर लाल रंगाचं काही नको म्हणतात, तेव्हा विचारा. शुगरवाल्यांनी साखरेच्या सरबतांचं आधी विचारून घ्यावं. आणि उपाशीपोटी हातपाय थरथरले, घाम सुटला, शुगर खाली गेली असं वाटलं तर सोसत बसू नका. साखरेचं पाणी घ्या, वेळ लिहा, हॉस्पिटलला फोन करा.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत तारीख आली असेल तर नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा शेजारच्या घरी ठेवा. हे मी थट्टेनं लिहीत नाही.

त्या सकाळी

माझा एक मेव्हणा तारवटी. जहाजावर परत रुजू होण्याआधी मेडिकलला वजन कमी दाखवायचं म्हणून त्यानं बाहेरून पेनं आणली होती. बहिणीला कळू नये म्हणून ती मित्राच्या घरच्या फ्रिजमध्ये, माशांच्या डब्यामागे. मग हर्निया निघाला. एका खासगी हॉस्पिटलात तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी सातला त्यानं थोडी शाकुती आणि अर्धा पाव खाल्ला, नंतर पाणीही नाही. सकाळी मी सोबत होतो. थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञ बाईंनी सहज विचारलं, "वजन एवढं कमी कशानं झालं?" हा गप्प. त्यांनी परत विचारलं, तेव्हा कबूल केलं. चार दिवसांपूर्वी टोचलं होतं. त्यांनी सोनोग्राफीचं मशीन मागवलं, त्याच्या बरगड्यांखाली ठेवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मला काय कळणार, पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं: चौदा तासांनंतरही पोटात घट्ट अन्न होतं. ऑपरेशन पुढं ढकललं. बहीण चिडली ती ऑपरेशन ढकलल्यावर नव्हे, मित्राच्या फ्रिजवर. दोन आठवड्यांनी, द्रव आहार पाळून, सगळं सुरळीत झालं.

म्हणून डोस चुकून घेतला असेल, आदल्या रात्री मोह आवरला नसेल, तर ते दारात उभं असतानासुद्धा सांगा. भूलतज्ज्ञांकडे उपाय असतात: पोट बघणं, पाठीतून किंवा फक्त त्या भागाला भूल देणं, पोट भरलेलं धरून झटपट श्वासनळीत नळी टाकण्याची खास पद्धत, किंवा तारीख बदलणं. तारीख बदलली की सुट्टी, गाडी, बरोबर येणारा माणूस, सगळं फुकट जातं, ते मला मान्य आहे. पण कळलंच नाही तर यातला एकही उपाय वापरता येत नाही.

अपघातात किंवा अपेंडिक्सच्या वेळी थांबायला वेळ नसतो. तेव्हा तुमच्या वतीनं बोलणारा माणूस हवा. १०८ आली तर त्यांना सांगणारा कोणीतरी घरात असावा. एका तरी माणसाला माहीत असू द्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर कुलूप न उघडता दिसेल असा ठेवा.

नंतर पुन्हा सुरू करताना

घाई नको. नेहमीसारखं जेवण जातंय, मळमळ नाही, शौचाला होतंय, असं झाल्यावरच डॉक्टरांना विचारा. वेदनाशामक औषधांतली काही आतडी मंद करतात, त्यात हे इंजेक्शन पडलं की बद्धकोष्ठ आणि ताज्या टाक्यांवर उलटीचा ताण. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि हे औषध नेमकी भूकच मारतं. घरी गेल्यावर ताप, खोकला, दम लागणं असं काही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

दोनतीन डोस चुकले असतील तर जुन्या डोसवर सरळ उडी मारायची का हेही विचारून घ्या. पोटाची सवय मोडलेली असते.

त्या वहिनींना मी सोमवारी पेन दिलं नाही. चिठ्ठी दिली, सर्जनच्या क्लिनिकला फोन लावून दिला. संध्याकाळी भूलतज्ज्ञांचा त्यांना फोन आला: आजचा डोस नको, बुधवारी सकाळपासून फक्त पारदर्शक द्रव, गुरुवारी सकाळी पोट बघू. गुरुवारी पोट रिकामं दिसलं, ऑपरेशन झालं. चौथ्या सोमवारी त्या पुन्हा आल्या, तेच ०.५ चं खोकं घेऊन. तीन डोस चुकले होते. काउंटरवरूनच त्यांनी डॉक्टरांना फोन केला, आणि ०.२५ चं पेन घेऊन गेल्या.